तळ्याचा दावा आणि खोतीचं बिल

महाडला वकिली करते असं सांगितलं की बाहेरगावचा माणूस आधी चवदार तळ्याबद्दल विचारतो. रास्तच आहे ते. २० मार्चला आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. आदल्या रात्रीपासून गाड्या येतात, तळ्याभोवती पुस्तकांचे स्टॉल लागतात, लोक पाण्याला हात लावतात आणि पोरांना सांगतात, इथेच बरं का. मी शाळेत असल्यापासून ही गर्दी बघत आले आहे आणि दरवेळी त्या गर्दीत जाते.

पण आज लिहायचं आहे ते या तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्या माणसाच्याच, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या, दुसऱ्या एका दिवसाबद्दल. १७ सप्टेंबर १९३७. मुंबई विधानसभेचं अधिवेशन पुण्याला चालू होतं आणि त्या दिवशी बाबासाहेबांनी खोती पद्धत नष्ट करण्याचं बिल मांडलं. मी कुळाच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या, घरात जन्मले, आज कूळ कायद्याच्या प्रकरणांवरच माझं घर चालतं. हा दिवस मला २० मार्चइतकाच आपला वाटतो. आणि ज्या कोकणासाठी ते बिल होतं, त्या कोकणातच त्याचं नाव निघत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

खोती म्हणजे काय, हे आता मुंबईत वाढलेल्या आमच्याच भावंडांना सांगावं लागतं. घाटावर रयतवारी होती, शेतकरी आपला सारा सरकारात भरायचा. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत, थोडी ठाण्यातही, सरकार आणि शेतकरी यांच्या मध्ये खोत होता. खोत सरकारला कबुलायत, म्हणजे करारपत्र, लिहून द्यायचा, गावाचा सारा भरायची हमी घ्यायचा आणि मग कुळांकडून वसूल करायचा. सरकारला द्यायचं आणि कुळाकडून घ्यायचं यांतला फरक त्याचा. काही ठिकाणी ठरलेला मक्ता, काही ठिकाणी अर्धल, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा. भात उभं असतानाच खोताची माणसं येऊन अभावणी करायची, खाचरात किती पिकेल याचा अंदाज बांधायची आणि त्यावर वाटा ठरायचा. शिवाय वेठ. खोताच्या शेतात नांगर आधी लागायचा, आपल्या शेतात मागाहून. खोताच्या घरचं लग्न, खोताच्या घराची शाकारणी, सगळ्याला माणूस द्यायचा.

माझे आजोबा हे सगळं बघितलेले. ते खोताबद्दल रागाने बोलत नसत, हे मला लहानपणी फार विचित्र वाटायचं. खोत गेला तेव्हा ते तरुण होते, तरी म्हातारपणीसुद्धा त्या वाड्यासमोरून जाताना त्यांच्या पायातल्या वहाणा हातात यायच्या. वाड्यात तेव्हा कुणी राहतही नव्हतं. आईने एकदा विचारलं, कशाला काढता हो मामा? तर म्हणाले, पाय ऐकत नाहीत. कायद्याच्या पुस्तकात खोतीचं जे वर्णन असतं ते मी नंतर वाचलं. आधी कळली ती ही.

आणि हे सगळं चालवणारे सगळे राक्षस होते असंही नाही. खोतांत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमान होते, कायस्थ होते. काही इतके लहान की भावकीत हिस्से होता होता त्यांच्याकडे एका गावाचा आठवा-सोळावा भाग उरलेला. दापोलीजवळच्या चिखलगावच्या टिळकांचं घराणंही खोतांचं, आणि खोतीच्या वादात लोकमान्यांनी खोतांची बाजू घेतली होती. म्हणजे देशासाठी तुरुंगात जाणाऱ्या माणसालाही ही व्यवस्था अन्यायाची वाटत नव्हती, इतकी ती इथल्या मातीत मुरलेली होती. म्हणून ती मोडायचं बिल कुणी आणलं आणि ते कसं लिहिलं, हे बघण्यासारखं आहे.

बाबासाहेब कोकणातलेच. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर घर काही काळ दापोलीच्या कॅम्पात होतं. रमाबाईंचं माहेर दापोलीजवळचं वणंद. पुढचा प्रवास सगळ्यांना तोंडपाठ आहे, मी लांबवत नाही. १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर, १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली, १९२७ पासून मुंबई विधिमंडळात सरकारनियुक्त सदस्य, १९३५ मध्ये सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. वकिलीने त्यांना सुरुवातीला फार काही दिलं नाही. अस्पृश्य बॅरिस्टरकडे मोठा सॉलिसिटर ब्रीफ पाठवत नसे, म्हणून जिल्ह्याच्या कोर्टांतून गरिबांची कामं घ्यावी लागली. मला वाटतं, पुढे त्यांनी जे कायदे लिहिले त्यांचं बळ इथूनच आलं. गरीब माणसाचा दावा नेमका कुठे मोडतो, हे जिल्हा कोर्टात जितकं कळतं तितकं कुठल्या ग्रंथात कळत नाही.

महाडचा दावा हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण, आणि त्याकडे आपण पुरेसं बघत नाही. आपल्या डोळ्यांसमोर सत्याग्रह असतो, दावा नसतो.

क्रम असा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव आणला, की सरकारी पैशावर चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं, आणि तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले. पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी दावा लावला. पहिले प्रतिवादी बाबासाहेब स्वतः. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

इथे त्यांच्यातला वकील दिसतो. २५ डिसेंबरला परिषदेला हजारो माणसं जमलेली, तळ्यावर जायला तयार, तुरुंगात जायलाही तयार. त्यांनी लोकांना समजावलं आणि मनाई हुकूम मोडला नाही. मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली. धर्मग्रंथ जाळायला न कचरणारा माणूस महाडच्या दिवाणी न्यायाधीशाचा हुकूम पाळतो! मी वकिली सुरू केल्यावर या दोन गोष्टी एकत्र वाचल्या आणि बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नाही. त्यांना न्यायालयात जिंकायचं होतं. रस्त्यावरचा विजय उलटवता येतो, हे मार्चमध्ये त्यांनी बघितलं होतं.

दावा चालला सव्वानऊ वर्षं. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. जून १९३१ मध्ये इथल्या कोर्टाने दावा फेटाळला. जानेवारी १९३३ मध्ये ठाण्याच्या जिल्हा कोर्टाने अपील फेटाळलं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यासमोर दुसरं अपीलही फेटाळलं गेलं. (१९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच.)

निकाल वाचला तर लक्षात येतं की अस्पृश्यता चूक आहे असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही. तळ्याची मालकी वादींना दाखवता आली नाही आणि अस्पृश्यांना बंदी घालणारी रूढी अनादी काळापासूनची आहे, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. बस. रूढी आहे म्हणणाऱ्यावर ती सिद्ध करायचा भार होता आणि तो त्यांना पेलला नाही, म्हणून ते हरले. तो भार उलट्या बाजूला असता तर? बाबासाहेबांना सिद्ध करावं लागलं असतं की आमचे लोक पूर्वी इथे पाणी भरत होते. कोणता कागद दाखवला असता त्यांनी? कोणता साक्षीदार उभा राहिला असता?

आणि हाच प्रश्न खोतीच्या कुळाचा होता. तिथे भार कुळावर होता.

आता १९३७ सालाकडे बघा. फेब्रुवारीत निवडणूक, बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून मुंबई विधानसभेत निवडून आले. मार्चमध्ये महाडचा दावा संपला. सप्टेंबरात खोतीचं बिल. सात महिन्यांत एक काम संपलं आणि दुसरं हातात घेतलं. मी याला योगायोग मानत नाही. एका तळ्यासाठी तीन कोर्टं चढलेल्या माणसाला माहीत होतं की कोकणातल्या प्रत्येक कुळाने एकेक दावा लावायचा म्हटलं तर पिढ्या जातील, आणि त्यातले बहुतेक हरतील.

बिलात मुख्य गोष्टी तीन होत्या. खोती पद्धत बंद करायची आणि त्या जमिनींना रयतवारी लागू करायची. खोतांचे जे हक्क जातील त्यांची वाजवी नुकसानभरपाई द्यायची. आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याला १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातल्या भोगवटादाराचा दर्जा द्यायचा.

तिसऱ्या कलमाशी मी दरवेळी थांबते. नवा हक्क तयार करायचा म्हटलं तर तो काय, कसा, कुणाला, कधीपर्यंत, हे सगळं नव्याने लिहावं लागतं, आणि जितकं जास्त लिहाल तितक्या जास्त फटी राहतात. बाबासाहेबांनी तसं केलं नाही. घाटावरच्या रयतेला जो दर्जा आधीपासून होता, ज्यावर पन्नास-साठ वर्षं कोर्टांचे निकाल झालेले होते, तोच उचलून कोकणच्या कुळाला दिला. एका वाक्यात कूळ सरकारशी थेट बांधलं गेलं. जमीन वारसांना जाणार, सारा स्वतः भरणार, मधल्या कुणाच्या मर्जीवर काही राहणार नाही. हे लिहायला फक्त कळकळ असून भागत नाही. महसूल कायदा कोळून प्यायलेला असावा लागतो.

आणि नुकसानभरपाई. या मुद्द्यावर आजही कुणी कुणी नाक मुरडतात, खोतांना पैसे कशाला? मला त्यात त्यांची व्यवहाराची समज दिसते. ज्या सभागृहात बहुसंख्य सदस्य जमीनवाल्यांच्या बाजूचे, तिथे भरपाईशिवाय बिल पहिल्या दिवशीच लुटीचं बिल ठरलं असतं. शिवाय तो आठवा-सोळावा हिस्सा असलेला गरीब खोत होताच की.

बिल मांडलं आणि ते स्वस्थ बसले नाहीत. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. तेव्हा आमच्याकडून मुंबईला जायचं म्हणजे बोट. लंगोटी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी अशी माणसं आझाद मैदानावर जमली असतील, त्यातल्या अनेकांनी मुंबई पहिल्यांदाच पाहिली असेल. कुणबी आणि महार एका रांगेत चालले. आपल्या गावात जे एका विहिरीवर पाणी भरत नव्हते, ते खोतीविरुद्ध एकत्र आले. श्यामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक असे निरनिराळ्या विचारांचे लोक त्या लढ्यात होते. आणि इकडे अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप १९३३ पासून चालूच होता. पंचवीस गावांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं होतं आणि सहा वर्षं निभावलं. लाकडं विकली, खाडीत मासे पकडले, पण खाचरात नांगर घातला नाही. बाबासाहेब १९३४ मध्ये चरीला जाऊन आले होते. म्हणजे बिल हवेतून आलं नव्हतं.

पण ते मंजूर झालं नाही. खाजगी सदस्याचं बिल, बहुमत काँग्रेसचं. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, तेही वकिलीच्याच व्यवसायातले, सॉलिसिटर, जन्म रत्नागिरीचा. महसूल खातं मोरारजी देसाईंकडे. सरकारने १९३९ मध्ये कूळ कायदा आणला, त्याने कुळांना थोडं संरक्षण दिलं, पण खोती राहिली. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विषय पडला.

खोती गेली १९४९ च्या कायद्याने, १५ मे १९५० पासून. तेव्हाही मुख्यमंत्री खेर आणि महसूलमंत्री मोरारजीभाईच. बाबासाहेब दिल्लीत केंद्रात कायदामंत्री होते, संविधान होऊन गेलं होतं. बारा वर्षांपूर्वी अडलेली गोष्ट त्याच माणसांच्या हातून झाली. बिल पडतं, पण एकदा ते नीट लिहून सभागृहासमोर ठेवलं की पुढच्या सरकारला त्याच्या मागे जाता येत नाही, असं मला हा इतिहास वाचून ठामपणे वाटतं. एखाद्या आमदाराचं काम मोजताना किती बिलं मंजूर झाली एवढंच बघू नये.

आता माझ्या टेबलावरचं सांगते.

पोलादपूरकडच्या एक आजी येतात. पिशवीत प्लास्टिकच्या आत प्लास्टिक, त्याच्या आत कागद. सातबारा काढला तर मालकाच्या रकान्यात तिसऱ्याच कुणाचं नाव आणि इतर हक्कांत आजींच्या सासऱ्याचं नाव, कूळ म्हणून. दोन खाचरं आणि वरचं थोडं वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, कसणारं कूळ मालक झालं असं मानायचं. मग कलम ३२ ग प्रमाणे तहसीलदाराने किंमत ठरवायची, पैसे भरले की कलम ३२ म चं खरेदीचं सर्टिफिकेट. पण त्या तारखेला मालक विधवा असेल, अज्ञान म्हणजे अल्पवयीन असेल, तर खरेदी पुढे ढकलली जाते आणि नंतर कुळाने ठरलेल्या मुदतीत कळवायचं असतं. आजींच्या सासऱ्यांची मालकीण विधवा होती. ती गेली कधी, हे यांना कळलंच नाही, कारण ती पुण्याला राहत होती. मुदत निघून गेली.

"बाय, माझ्या सासऱ्याने भात मोजलाय, मी मोजलाय. कागूद कुठनं आणू?" आजी म्हणाल्या.

कागद एकच निघाला. वहीच्या पानाचा अर्धा तुकडा, घडीवर फाटलेला, शाई तपकिरी झालेली, मोडीत लिहिलेला. आमच्याकडे मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी भिंग धरून वाचून दाखवलं: कुणाकडून, कुठल्या ठिकाणाचं, किती मण भात, कुठल्या साली पोचलं. खाली सही नाही, नुसती एक रेघ मारलेली. त्या अर्ध्या पानावर आजींचं प्रकरण उभं आहे. १९४८ च्या कायद्यातलं चौथं कलम माझ्या बाजूला आहे: दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो आणि जो घरचा माणूस किंवा मजूर नाही, त्याला कूळ मानायचं. पण कसतो हे दाखवायचं पुन्हा आजींनाच.

आणि विरुद्ध बाजूला आता खोत नसतो. असतो तो मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाल्यापासून जमिनी शोधत फिरणारा एजंट, ज्याने मालकाच्या पुण्या-मुंबईतल्या नातवंडांना गाठून त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतलेलं असतं. नातवंडांनी ती जमीन कधी बघितलेली नसते. एजंट आजींना म्हणतो, तुमच्याकडे काय आहे? मला अशा वेळी बाबासाहेबांच्या बिलातलं तिसरं कलम आठवतं. प्रत्यक्ष कसणारा थेट भोगवटादार. ना विधवेचा अपवाद, ना मुदत, ना नोटीस. तसा कायदा १९३७ मध्येच झाला असता तर आजींच्या सासऱ्यांचं नाव इतर हक्कांत पडून राहिलं नसतं, मालकाच्या रकान्यात चढलं असतं. १९४८ चा कायदा मोठा आहे, त्याने कोकणातल्या लाखो घरांना जमीन दिली, माझ्याही घराला. पण त्यात अपवाद घालणाऱ्यांना हे दिसलं नाही की पोलादपूरच्या डोंगरातल्या माणसाला पुण्यातल्या मृत्यूची तारीख कोण कळवणार.

म्हणून ऑफिसात येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी आधी हे बिल वाचायला लावते. बाबासाहेबांच्या विधिमंडळातल्या भाषणांचा खंड राज्य शासनाने छापलेला आहे, त्यात आहे. अगदी थोडी पानं. मुलं संविधान पाठ करून आलेली असतात, आणि त्या संविधानाचा शिल्पकार आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या कुळाच्या अर्धलीवर बिल लिहून गेला हे त्यांना ठाऊक नसतं. एका मुलीने वाचून झाल्यावर विचारलं, मॅडम, आपल्या शाळेत हे का नव्हतं? तिचं गाव मंडणगड.

तर हे वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. तुमच्या गावच्या घरात माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, ट्रंकेच्या तळाशी जुने कागद असतील: पावत्या, कबुलायती, भाताच्या मापाच्या नोंदी, खोताच्या वहीची पानं. घर पाडून नवं बांधताना हे सगळं पहिल्यांदा जाळलं जातं. जाळू नका. खोतांच्या घरच्यांनाही हेच सांगते, तुमच्या वहीत कुणाच्या तरी जमिनीचा पुरावा आहे. मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, घडी उलगडून. लॅमिनेशन करू नका, त्याने शाई जाते आणि कोर्टात मूळ कागद तपासायला अडचण होते. मोडी असेल तर वाचून घ्या, वाचणारे अजून तालुक्यातालुक्यात आहेत पण ते सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत. कुठे न्यायचं कळलं नाही तर मला कळवा, मी आणि गुरुजी मिळून वाचून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.